खडू कुणी घेईना

चिंचा झोडपायला माणसं आज सकाळीच आली. एकजण फांदीवर चढला, हातात लांब काठी. खाली दोघी बायका जुनी साडी अंथरून उभ्या. काठी बसली की आधी बारीक पाला भुरभुरतो आणि मग चिंचा पडायला लागतात. मागचं अंगण तपकिरी होऊन गेलंय. तो आंबटगोड वास स्वयंपाकघरात शिरलाय, कणकेला लागलाय, माझ्या कॉलेजला जायच्या साडीलाही लागला असणार. आमच्या आष्टीत हा वास आला की परीक्षांचे दिवस आले म्हणायचं. ज्वारीची काढणी उरकलेली असते, नगर रस्त्याला कलिंगडांचे ढीग लागलेले असतात, आणि बारावीची पोरं स्वतःशीच ओठ हलवत उन्हातनं चाललेली असतात.

दुसऱ्या कुणाच्या तोंडाला या वासानं पाणी सुटत असेल. मी खिडकी लावून घेते. गेल्या वर्षापासून हे असं व्हायला लागलंय, आणि सांगायचीही सोय नाही. सांगायला जावं तर लोक म्हणतात, अहो मॅडम, तुमचं काय चुकलं त्यात, तुम्ही तर मायेपोटीच केलं. अगदी खरं. मायेपोटीच केलं. राग येऊन केलं असतं तर एव्हाना माफी मागून मोकळी झाले असते.

आमच्या घरात गणिताचे मास्तर दोन. एक माझे वडील, अण्णा. दुसरी मी. गावातल्या ज्या ज्युनिअर कॉलेजात अण्णांनी उभा जन्म घालवला, तिथंच मी आता शिकवते. नवरा नोकरीमुळे परळीला असतो, शनिवारी येतो. आई गेल्यापासून अण्णा आणि मी. गावात मला मॅडम म्हणतात आणि घरात अण्णा ‘बाळ’ म्हणतात, केस पांढरे व्हायला लागले तरी. घराच्या पुढच्या बाजूला पत्र्याचं शेड आहे आणि भिंतीला काळा रंग देऊन केलेला फळा. बारावीचे पेपर संपले की सीईटीची उजळणी त्या शेडात. शिकवणी म्हणायचं नाही त्याला. ‘सरांकडं बसायला जातो’ म्हणायचं. निम्म्या पोरांचे आईबाप त्या दिवसांत ऊसतोडीला कारखान्यावर असतात, पोरं आजीपाशी राहतात. सकाळी उठून शेडात येऊन बसलं की त्यांचा दिवस सुरू होतो.

अण्णांची शिकवायची एक खोड होती. खोडच म्हणायची, पद्धत म्हटलं तर त्यांनाच हसू यायचं. फळ्यावर उदाहरण सोडवता सोडवता ते मधेच एक चूक करायचे. मुद्दाम. चेहरा असा की देवळातला पुजारी. चूक करून पुढं चालू लागायचे, आणि ज्याला ती दिसेल त्यानं उभं राहून ओरडायचं, “सर, खडू!” की अण्णा तिथल्या तिथं थांबत. खडू त्याच्या हातात देत, आणि स्वतः येऊन त्याच्या जागेवर मांडी घालून बसत. पुढचं गणित त्या पोरानं सोडवायचं. आणि सर खाली बसून बोट वर करायचे, “सर, मला न्हाई समजलं, ह्ये उणे कुठनं आलं?” सगळा वर्ग खिदळायचा आणि फळ्यापाशी उभ्या पोराला घाम फुटायचा. आजही स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर मिशा पिकलेला एखादा कंडक्टर मला बघून म्हणतो, “ताई, मी सरांचा खडू घेतलता बरं का.” जसं काही कुस्ती मारली होती.

मी त्यांच्या वर्गात होते तेव्हा मला खडू लवकर मिळाला नाही. घरी मी त्यांना मदत करायचे, सहीचं पेन आणून द्यायचे, चष्मा शोधून द्यायचे, पण वर्गात सूट नाही. मी नुसती डोळे फाडून बसायची. चूक दिसायच्या आधीच दुसरं कुणीतरी उठायचं. घरी येऊन मी रडायची आणि आई त्यांच्यावर उखडायची, “अवं, एखादी चूक सोपी करा की लेकीसाठी!” अण्णा म्हणायचे, “मग ती चूक कसली?”

शेवटी मिळाला तो कमाल आणि किमान किमतीच्या धड्यात. अण्णांचा सगळ्यात लाडका धडा. साइन एकटा घेतला तर तो फार तर एकपर्यंत चढतो आणि उणे एकपर्यंत उतरतो. कॉसही तसाच. मग अण्णा फळ्यावर लिहायचे: तीन साइन थीटा अधिक चार कॉस थीटा, जास्तीत जास्त किती? आणि साळसूदपणे सांगायचे, साइन एक झाला, म्हणजे तीन. कॉस एक झाला, म्हणजे चार. तीन आणि चार सात. सातखाली रेघ. हात झटकून उभे. कुणालाही पटावं असं ते उत्तर, आणि साफ चूक. कारण साइन एकवर पोचतो त्या कोनात कॉस शून्यावर असतो, आणि कॉस एकवर असतो तेव्हा साइन शून्यावर. दोघं एकदम वर कधीच नसतात. थोडं ह्यानं खाली यायचं, थोडं त्यानं, तेव्हा कुठं दोघांची मिळून बेरीज जास्तीत जास्त पाच होते. पाचाच्या वर नाही. मी ताडकन उभी राहिले. “अण्णा, खडू!” मी ओरडले, आणि सर म्हणायचं विसरले म्हणून सगळी हसली. अण्णांनी खडू दिला. माझ्या जागेवर जाऊन बसले. त्यांच्या धोतराला माझ्या बसकराची धूळ लागली होती, ती मी नंतर मुद्दाम झटकली नाही.

हे सगळं मला माहीत होतं. हा मुद्दा मी पुन्हा पुन्हा स्वतःला सांगते. मला माहीत होतं.

गेल्या वर्षी अण्णांनी बऱ्याच खंडानंतर शेडात वर्ग धरला. मधे आईचं आजारपण झालं, त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेवढी वर्षं मीच पोरांना घेत होते. त्या हिवाळ्यात मात्र मला त्यांची भीती वाटायला लागली होती. भीतीच, दुसरा शब्द नाही. दूध गॅसवर ठेवून अंगणात जाऊन बसले, पातेलं जळून कोळसा झालं. एकदा मला अक्का म्हणून हाक मारली, म्हणजे त्यांची बहीण, जी कधीच वारली. एकदा बाजारातून अनवाणी परत आले, आणि चप्पल कुठंय विचारल्यावर माझ्यावरच खेकसले. मी रोज त्यांच्याकडं बघत असे, आज काय निसटलं म्हणून. असं बघत राहिलं की माणूस निसटताना दिसायलाच लागतो. अण्णा म्हणाले, “औंदा मी बसतो पोरांना घेऊन, तुला पेपर तपासायचेत.” मी हो म्हणाले. मनात म्हटलं, बरंय, डोकं चालू राहील.

पहिल्याच दिवशी त्यांनी पोरांना नियम सांगितला. “आमी चुकणार. तुमी पकडायचं. पकडलं की खडू तुमचा.” मी खिडकीच्या आत पेपर तपासत बसले होते, मला बरं वाटलं ऐकून.

मग तो साताचा दिवस आला. तीन साइन, चार कॉस. अण्णांनी सात लिहिलं, रेघ मारली. एरवी उत्तराखाली रेघ मारली की ते थांबायचे, हात झटकायचे, खाकरायचे. त्या दिवशी थांबले नाहीत. तेच सात घेऊन पुढचं उदाहरण सुरू केलं आणि तेही चुकलं. मी पेन खाली ठेवलं. खिडकीतनं त्यांचा चेहरा बघितला. त्यात खट्याळपणा शोधला. मला तो दिसला नाही. एक म्हातारा माणूस दिसला, घामेजलेला, खडूनं बाही पांढरी झालेला.

वर्ग सुटल्यावर तबस्सुम मागं थांबली. स्टँडजवळच्या गॅरेजवाल्याची ही पोरगी, वर्गात सगळ्यात तल्लख. रमजान चालू होता, रोज्यानं तिचे ओठ सुकले होते. खिडकीशी येऊन हळूच म्हणाली, “मॅडम, सर सात म्हनले. पाच हाय ना? मी हात वर करणारच व्हते, पण सर पुढं गेले. उद्या खडू मागू का?”

आणि मी म्हणाले, “नको गं. सरांचं वय झालंय. त्यांना काही बोलू नका कुणी. दुपारी कॉलेजात या, मी नीट सांगते.”

एवढंच. यात कुठं काय वाईट आहे सांगा. कुणीही लेक हेच म्हणाली असती. तबस्सुमनं मान डोलावली, बाकीच्यांना सांगते म्हणाली, ओढणी सारखी करून निघून गेली. मला त्या क्षणी हलकं वाटलं होतं, हेही लिहून टाकते. अण्णांना झाकलं, पोरांचंही नुकसान नाही. दोन्ही बाजू जास्तीत जास्त साधल्या. तीन आणि चार सात!

मग ते सुरू झालं. सकाळी शेडात अण्णांचं चुकीचं, दुपारी कॉलेजात माझं बरोबर. पोरं शहाणी, सगळ्यांनी सांभाळून घेतलं. उमापूरहून मावशीकडं राहायला आलेला एक मुलगा तर दुपारी मला म्हणाला, “मॅडम, सर लिहितेत तसं आमी मान हलवतो, काळजी करू नका.” मी त्याला शाबासकी दिली. शाबासकी दिली मी!

आणि अण्णांच्या चुका वाढत चालल्या. साइन अधिक कॉस, जास्तीत जास्त दोन. दुसऱ्या दिवशी साइन वर्ग अधिक कॉस वर्ग बरोबर दोन, जे एक असतं हे नापास झालेलं पोरगंही सांगेल. शेजारच्या सरूबाई आमच्या ओट्यावर चिंचा फोडायला बसायच्या, त्यांच्या लोखंडी हातोडीचा ठक ठक आवाज, आणि त्या आवाजावर अण्णांचा चढा आवाज, दोन, दोन, लिहा दोन. पोरं मान डोलावत लिहून घेत. मी आत कपाळाला हात लावून बसे.

तबस्सुम पुन्हा एकदा आली होती. हे मला फार लागतं, की ती आली होती. म्हणाली, “मॅडम, सर आमच्याकडं बगत राहतेत. लिहून झालं की खडू असा पुढं धरतेत. कुणीच उठत न्हाई. मला लई कसंतरी व्हतंय. एक डाव मागू द्या ना.” मी म्हटलं, थोडेच दिवस राहिले, कशाला म्हाताऱ्या माणसाला दुखवायचं. त्या पोरीला शेडात बसून दिसलं, ते मला खिडकीतनं दिसलं नाही. अण्णा पोरांकडं वळले की खिडकीतनं त्यांची पाठ दिसते, पुढं धरलेला हात दिसत नाही, असं मी काही दिवस स्वतःला सांगून पाहिलं. पण मी उठून बाहेर जाऊ शकले असते. चार पावलं नाहीत.

मी काय केलं, तर त्यांना नगरला डॉक्टरकडं नेलं. एसटीनं. अण्णा खिडकीला बसले, वाटेत कडा गाव आलं तेव्हा जुन्या विद्यार्थ्याचं दुकान दाखवलं, खुशीत होते. डॉक्टर तरुण, बोलायला मऊ. त्यानं आजचा वार विचारला, पंतप्रधान विचारले, घड्याळ काढायला लावलं. मग म्हणाला, शंभरातून सात वजा करत चला. अण्णा म्हणाले, “त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. एकाहत्तर.” डॉक्टर म्हणाला, “बाबा, पुन्हा बघा जरा शेवटचं.” अण्णा खुर्चीत मागं टेकले आणि हसले. “बहात्तर,” म्हणाले. परतीच्या एसटीत मला कोपरानं ढोसून सांगतात, “पोरगा तयारीचा हाय. लगेच धरलं त्यानं.” मी खिडकीबाहेर बघत बसले. मला रडू येत होतं. वाटलं, चूक झाकायला काय काय करावं लागतंय बिचाऱ्याला. बिचाऱ्याला! आपल्या बापाला मनातल्या मनात बिचारा म्हणायला लागलं की पुढचं काही ऐकूच येत नाही.

किमान किंमत काढताना पोरं एक ठरलेली चूक करतात. शून्य लिहितात. त्यांना वाटतं, खाली खाली म्हणजे किती, शून्यापर्यंत. तिथं जमीन लागते. मग त्यांना सांगावं लागतं की बाबांनो, शून्याच्या खालीही उतरता येतं, तीन साइन चार कॉस पार उणे पाचापर्यंत जातं. त्या दिवसांत मीही तोच हिशेब धरला होता. फार तर काय होईल? अण्णांना कळणार नाही, बस. कुणाचं काही बिघडत नाही. शून्य. अण्णांना ही असली उपमा ऐकवली असती तर म्हणाले असते, “कविता नको बाळ, कोन सांग.”

वर्गाच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. अण्णांनी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: साइन थीटाची कमाल किंमत दीड. दीड! ज्याच्या नावानं धडा सुरू होतो ती गोष्ट. मी दारात आले होते, चहाचा कप घेऊन. अण्णा पोरांकडं वळले. हात पुढं केला, तळव्यावर खडू. आणि तसेच उभे राहिले. सरूबाईंची हातोडीही थांबली. कुणी हललं नाही. सगळ्यांच्या माना खाली. एकट्या तबस्सुमची मान वर होती, आणि ती अण्णांकडं बघत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. तिचे डोळे भरले होते.

अण्णांनी तिची नजर धरली आणि तिच्या मागोमाग दाराकडं बघितलं. मी उभी. हातात कप. त्यांना सगळं उमगलं. त्यांचं डोकं चालत नाही असं मला वाटत होतं ना, मी जागची हलायच्या आधीच त्यांचं गणित सुटलं होतं. खडू त्यांनी फळ्याखालच्या कट्ट्यावर ठेवला, अगदी हळू. “आज एवढंच,” म्हणाले, आणि माझ्या शेजारून आत गेले.

मी मागं गेले. ते खाटेवर बसले होते.

“तू सांगितलंस व्हय त्यांना, गप बसा म्हणून?”

“अण्णा, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून...”

“आन ह्ये बरं वाटलं व्हय मला?” आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “रोज मोठी चूक करतोय मी. रोज. म्हटलं, आज तरी कुणी उठंल. आज दीड लिहिला, बाळ. एक हात वर न्हाई. मला वाटलं, पोरं भ्यायला लागली आपल्याला. न्हाईतर आपल्या शिकवण्यात दम ऱ्हायला न्हाई. रातभर डोळा लागत न्हाई मला, कावून अशी झाली ही पोरं म्हणून. मी माझ्यालाच शिव्या देतोय. आन तू दुपारी दुरुस्त करून देत हुतीस.”

मी खाली बसले, त्यांच्या पायापाशी. माफी मागायची सोडून मी काय विचारावं? अजून मला जाणून घ्यायचं होतं, मी अगदीच चुकले का ते. “पण अण्णा, ते पहिलं सात? ते पण मुद्दामच होतं?”

त्यांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसून परत लावला.

“तवाच कुणी खडू मागितला असता,” ते म्हणाले, “तर मला बी कळलं असतं.”

त्यानंतर त्यांनी शेडात पाऊल टाकलं नाही. रुसले नाहीत, जेवण सोडलं नाही, माझ्याशी बोलणं तोडलं नाही. नुसतं शिकवणं सोडलं. पोरांना सीईटीत बरे मार्क पडले, सगळी मार्गी लागली. तबस्सुम इंजिनिअरिंगला पुण्याला गेली. यंदा ईदला शीरखुर्मा घेऊन आली होती, अण्णांच्या पाया पडली, अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला बोलायचं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. अण्णांनी तिला हॉस्टेलचं जेवण कसं असतं तेवढंच विचारत ठेवलं. परवा तिचा फोन आला. “मॅडम, सर घेतेत का हो वर्ग?” मी म्हटलं, घेतात की. खोटं बोलताना आता माझी जीभ अडखळत नाही.

आणि हे वर्ष तर आणखी अवघड. दूध जळण्यापुरतं होतं ते पुढं सरकलंय. कधी दिवसभर लख्ख असतात, पेपरातल्या बातमीवर माझ्याशी भांडतात. कधी दुपारी झोपून उठले की आई कुठंय विचारतात. मी दर वेळी मनात मागं जाते. शेडातला वर्ग चालू राहिला असता, रोज कुणी ना कुणी ‘सर, खडू’ म्हणून ओरडलं असतं, तर हे थोडं लांबलं असतं का? डॉक्टर म्हणतो, तसं काही सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणजे नाही असं नव्हे. मला हे कुणीच ठामपणे नाही म्हणून सांगत नाही, आणि सांगितलं तरी मी ऐकणार नाही.

आज नवी पोरं शेडात बसली होती. मीच घेते आता. चिंचेच्या झोडपण्याचा आवाज मागनं येत होता. अण्णा शेडाबाहेर कडेला खाटेवर, सरूबाईंनी फोडून दिलेल्या चिंचांतले चिंचोके काढत बसलेले, फळ्याकडं पाठ करून. रोजच पाठ करून बसतात. धडा कमाल आणि किमान किमतींचा. आणि माझ्या मनात आलं, कसं आलं कोण जाणे, मी लिहिलं: पाच साइन थीटा अधिक बारा कॉस थीटा. बारा आणि पाच सतरा. जास्तीत जास्त सतरा. बरोबर उत्तर तेरा असतं. सतराखाली मी रेघ मारली आणि मोठ्यानं म्हणाले, “अण्णा, बघा जरा. बरोबर आहे का?”

मी मनात विनवत होते, ओरडा अण्णा. खडू मागा. माझी अब्रू काढा पोरांसमोर.

अण्णा वळले. फळ्याकडं बघितलं, नीट, सावकाश. मग पोरांकडं. मग माझ्याकडं. हातातला चिंचोका त्यांनी ताटलीत टाकला.

“बरोबर हाय बाळ,” ते म्हणाले. “चालू दे.”

पोरांनी माना खाली घातल्या आणि सतरा लिहून घेतलं. सरच बरोबर म्हणाले म्हटल्यावर कोण कशाला उठेल.

मी उभी होते तिथंच. त्यांना दिसलं नव्हतं का? की दिसलं होतं, आणि चारचौघांत लेकीला कशाला दुखवा म्हणून त्यांनी मला झाकलं होतं, मी त्यांना झाकलं होतं तसंच? कुणी आपल्याला असं झाकलं की कसं वाटतं, ते मला वर्षानंतर कळत होतं. आता मी हळूच फळा पुसू शकत होते. दुपारी पोरांना कॉलेजात बोलावू शकत होते. सगळं सोयीचं होतं, सगळं सवयीचं होतं.

“चूक आहे ते, अण्णा,” मी म्हणाले. मोठ्यानं, सगळ्यांच्या समोर. “तुम्ही बरोबर म्हणालात ते चुकलंय.”

पोरं दचकली. एकीनं तोंडावर हात ठेवला. अण्णा खाटेवरनं उठले. गुडघ्यावर हात देत, चिंचेनं चिकट झालेली बोटं धोतराला पुसत शेडात आले. वर्षभरात पहिल्यांदा. फळ्याला नाक लागेल इतके जवळ गेले, चष्मा वर सरकवला, आणि सतराच्या खालच्या रेघेवर बोट ठेवलं.

“कुठं?” त्यांनी विचारलं.

पोराला फळ्यापाशी अडवून विचारावं तसं ते मला विचारत होते, की त्यांना खरंच दिसत नव्हतं, मला कळलं नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं नाही. त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, आणि पहिल्या ओळीपासून सांगायला लागले.